कॉर्टिसोलच्या मागे लागण्याआधी औषधांची यादी काढा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पोट सुटले, झोप उडाली, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला की हल्ली पहिला संशय कॉर्टिसोलवर, म्हणजे शरीरातल्या ताणाच्या हॉर्मोनवर, जातो. माणूस स्वतःच लॅबमध्ये जाऊन भरदुपारी रक्त देतो, रिपोर्टमधला आकडा जरा वर दिसला की ‘कॉर्टिसोल कमी करणारी’ पावडर किंवा कॅप्सूल सुरू करतो आणि त्याच जोडीला पहाटे उठून छाती फुटेस्तोवर पळू लागतो. यातली एकही पायरी बरोबर नाही. अशा माणसाने सर्वांत आधी गेल्या वर्षभरात तोंडावाटे, नाकावाटे, कातडीवर आणि सांध्यात गेलेल्या औषधांची यादी काढायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. रक्ताची पाळी त्यानंतर येते.

रक्त आधी का नको, ते सांगतो. कॉर्टिसोल दिवसभर एका पातळीवर राहत नाही. ते पहाटे चढू लागते, जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात आणखी उसळते, दुपारनंतर उतरते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. सकाळी आठ वाजता डेसिलिटरमागे १५ मायक्रोग्रॅम हा अगदी निरोगी आकडा. तोच मध्यरात्री आला तर डॉक्टरने दचकायला हवे. वेळेची नोंद नसलेल्या रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही. त्यात सुईची भीती, ताप, आदल्या रात्रीचे जागरण यांनीही आकडा वर जातो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तातले कॉर्टिसोल वाहून नेणारे प्रथिन वाढते, त्यामुळे एकूण कॉर्टिसोल जास्त दिसते. प्रत्यक्षात शरीराला मिळणारे कॉर्टिसोल नेहमीएवढेच असते. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या ५-१० मिलिग्रॅमच्या बायोटिनच्या गोळ्याही काही यंत्रांवर खोटा जास्त आकडा दाखवतात. तपासणीआधी किमान तीन दिवस त्या थांबवाव्यात आणि लॅबला तसे सांगावे.

आता यादीकडे. चेहरा गोल होणे, मानेमागे चरबीचा उंचवटा येणे, हातपाय बारीक राहून पोट वाढणे, या चित्राचे जगभरातले सर्वांत मोठे कारण बाहेरून घेतलेले स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखेच काम करणारे औषध, हे आहे. शरीरातल्या ग्रंथी बिघडून कॉर्टिसोल वाढल्याने होणारा कुशिंगचा आजार त्यामानाने फार विरळा. दहा लाख लोकांत वर्षाला मोजकेच नवे रुग्ण सापडतात. स्टिरॉइड म्हटले की लोकांना फक्त प्रेडनिसोलोनची गोळी आठवते. पण यादीत दम्याचा इनहेलर, नाकात मारायचा स्प्रे, गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेले इंजेक्शन, खाजेसाठी महिनोन्‌महिने लावलेले क्लोबेटासोलचे मलम हे सगळे यायला हवे. त्यातही सर्वांत जास्त चौकशी घटक न छापलेल्या पुडीची करायला हवी. सांधेदुखी किंवा दम्यावर ‘पूर्ण नैसर्गिक’ म्हणून दिल्या जाणाऱ्या आणि दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले वारंवार सापडले आहे. दुखणे झटकन गेले, भूक खवळली, अंगात तरतरी आली आणि दोन महिन्यांत चेहरा भरला, असा क्रम असेल तर पुडीवर संशय घ्यावा.

गोळीवरच्या छोट्या आकड्यानेही फसगत होते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि अवघे ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांची ताकद साधारण सारखी आहे. बीटामेथासोनही डेक्सामेथासोनच्याच पंगतीतले. तेव्हा ‘अर्ध्या मिलिग्रॅमची तर गोळी आहे’ या समजुतीला काही अर्थ नाही. शिवाय दोन औषधे मिळूनही घोटाळा होतो. एरवी सुरक्षित मात्रेत घेतलेला फ्लुटिकासोनचा किंवा ब्युडेसोनाइडचा इनहेलर, बुरशीवरच्या इट्राकोनाझोलबरोबर किंवा एचआयव्हीवरच्या रिटोनाविरबरोबर घेतला तर यकृतात त्याचा निचरा होत नाही आणि तो रक्तात साचून गोळीसारखाच परिणाम करतो.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. चेहरा पौर्णिमेसारखा गोल, पोटावर कातडी ताणल्याचे जांभळे वण, रक्तदाब वाढलेला. आणि सकाळी आठचे कॉर्टिसोल मात्र १ मायक्रोग्रॅमच्याही खाली. रुग्ण म्हणतो, ‘बघा, कॉर्टिसोल कमी आहे, म्हणजे तो आजार नाही.’ खरे तर या आकड्यानेच चोर पकडून दिलेला असतो. बाहेरून डेक्सामेथासोनसारखे काही येत असल्यामुळे मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी गप्प बसली आहे, तिचा आदेश थांबल्यामुळे मूत्रपिंडावरच्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी झोपल्या आहेत, आणि बाहेरून आलेले औषध कॉर्टिसोलच्या चाचणीत दिसत नाही. प्रेडनिसोलोनची तऱ्हा उलटी. बऱ्याच चाचण्या त्यालाच कॉर्टिसोल समजतात, त्यामुळे आकडा फुगतो. म्हणून रक्त देताना कोणती गोळी किती वाजता घेतली हे लिहून द्यायलाच हवे.

यादीत स्टिरॉइड सापडले की घाबरून ते त्याच दिवशी फेकून देणारे लोक असतात. कृपा करून असे करू नये. स्टिरॉइडच्या सगळ्या दुष्परिणामांपेक्षा हे जास्त लवकर जिवावर बेतू शकते. शरीराच्या रोजच्या गरजेहून जास्त मात्रा, म्हणजे साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या वर, तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ घेतली असेल तर अधिवृक्क ग्रंथी लगेच जाग्या होतीलच असे नाही. गोळी एकदम थांबली आणि त्यात ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रिया आली, तर उलट्या, पोटदुखी, चक्कर, रक्तदाब कोसळणे आणि साखर उतरणे असा प्रकार काही तासांत होऊ शकतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. वरच्या मात्रेतून खाली येताना पायऱ्या मोठ्या चालतात. ५ मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावर मात्र एकेक मिलिग्रॅम, तोही काही आठवड्यांच्या अंतराने. या टप्प्यावर अंग दुखते, मरगळ येते, मन उदास होते आणि मूळ आजार परतला असे वाटते. बऱ्याचदा ती शरीराची सवय सुटतानाची तक्रार असते, आणि त्या वेळी आणखी सावकाश उतरणे एवढाच उपाय असतो.

पूर्ण बंद करण्याआधी ग्रंथी जागी झाली का, हे सकाळी आठ-नऊच्या दरम्यान, आदल्या गोळीनंतर २४ तासांनी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी रक्त तपासून कळते. १० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आला तर गोळी थांबवता येते, ५ च्या खाली असेल तर काही महिने कळ काढावी लागते, आणि मधल्या आकड्याला काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागते. गोळी चालू असेपर्यंत ती सकाळी खाण्याबरोबर घ्यावी. संध्याकाळची मात्रा झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते.

यादी स्वच्छ निघाली आणि खुणा मात्र पक्क्या असतील, तर कुशिंगच्या तपासण्या जरूर कराव्यात. पक्क्या खुणा म्हणजे एक सेंटिमीटरहून रुंद जांभळे वण, जरा धक्का लागला की काळेनिळे पडणे, उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणे, तरुण वयात हाड मोडणे. आणि मुलांमध्ये वजन वाढत असताना उंची थांबणे. नुसते वजन, नुसता थकवा किंवा पांढुरके बारीक वण या खुणा नव्हेत. तपासणीच्या तीन पद्धती रूढ आहेत. रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतले कॉर्टिसोल किमान दोनदा, २४ तासांच्या लघवीतले कॉर्टिसोल किमान दोनदा, किंवा रात्री ११ ते १२ च्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊला रक्त. या शेवटच्या चाचणीत निरोगी माणसाचे कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबते. फिट्सवरचे फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन, क्षयावरचे रिफाम्पिसिन चालू असेल तर डेक्सामेथासोन लवकर जिरते आणि चाचणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येते. रात्रपाळी करणाऱ्यांच्या लाळेच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण त्यांची रात्र कुठली हेच शरीराला ठाऊक नसते. लघवी गोळा करताना सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. इथेच निम्मे लोक चुकतात असे म्हटले तरी चालेल.

आजार ठरला तर बहुतेक वेळा पहिला उपाय कॉर्टिसोल वाढवणारी गाठ काढण्याची शस्त्रक्रिया हाच असतो. कीटोकोनाझोल, मेटिरापोन, ऑसिलोड्रोस्टॅट ही कॉर्टिसोल खरोखर कमी करणारी औषधे त्याच्या आगेमागे वापरली जातात. कीटोकोनाझोलने यकृताला इजा होऊ शकते, म्हणून रक्ताच्या तपासण्या वारंवार लागतात. आणि ते पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषले जात नसल्यामुळे पित्ताच्या गोळीबरोबर घेतले तर वाया जाते. ही औषधे साध्या ताणावर किंवा वाढलेल्या वजनावर द्यायची नसतात.

आता ज्यांना कुशिंगही नाही आणि जे स्टिरॉइडही घेत नाहीत, अशा बहुसंख्य लोकांविषयी. ताण आहे, वजन आहे, पण तपासले तर कॉर्टिसोल नॉर्मल. ‘अधिवृक्क ग्रंथी थकल्या’ असे निदान करून महागडे डबे विकले जातात. हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटना असा कोणताही आजार मानत नाहीत. ताणाने वजन वाढते ते मुख्यतः अपुरी झोप, अवेळी खाणे, दारू आणि बसून राहणे या वाटांनी. रात्री चार-पाच तासच झोप झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन चढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन उतरते. घोरणे मोठे असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर आधी झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करावी. त्यावर उपचार न करता केलेली मेहनत पाण्यात जाते. अश्वगंधेच्या काही छोट्या प्रयोगांत कॉर्टिसोल थोडे उतरलेले दिसले आहे, हे खरे. पण तिच्यामुळे यकृताला सूज आल्याच्या आणि थायरॉइडचे हॉर्मोन वाढल्याच्या नोंदीही आहेत. गरोदरपणात, यकृताच्या किंवा थायरॉइडच्या आजारात ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

ताणावरच्या औषधांचा वजनाशी असलेला संबंध दवाखान्यात क्वचितच बोलला जातो, आणि याची आम्हाला खंत वाटते. मिर्टाझापिन, पॅरोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, आणि झोपेसाठी म्हणून दिले जाणारे ओलान्झापिन किंवा क्वेटायपिन यांनी वजन वाढू शकते. बुप्रोपिऑनने सहसा वाढत नाही. मात्र फिट्स येणाऱ्याला ते चालत नाही. मधुमेहावरचे इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि पायोग्लिटाझोन हीसुद्धा वजन वाढवणारी आहेत. सुरू केल्यापासून महिन्याभरात दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर डॉक्टरांना सांगावे. बऱ्याचदा पर्याय असतो. स्वतःहून बंद करू नये. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, अंगात विजेसारखे झटके असा त्रास होतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनी दोन रात्री छान झोप लागते, पण ती दोन-चार आठवड्यांहून जास्त चालवली तर सुटणे कठीण होते.

वजनावरच्या नव्या इंजेक्शनांनी खरोखर फरक पडतो. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ असे वाढवतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले. नुसत्या आहार-व्यायामाच्या सल्ल्याने २.४ टक्के. इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातले दोनतृतीयांश परत आले, हेही तितकेच महत्त्वाचे. मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठ हे त्रास मात्रा घाईने वाढवल्यावर जास्त होतात. पोटात पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ आली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. औषध थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. कॉर्टिसोल किंवा स्टिरॉइडने आधीच मांड्या खचलेल्या माणसाचे असे नुकसान परवडण्यासारखे नाही, म्हणून इंजेक्शन सुरू होण्याआधीच ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने सुरू व्हायला हवीत.

हलक्या व्यायामाकडे ‘काहीच नसल्यापेक्षा बरे’ म्हणून पाहिले जाते, ते चुकीचे आहे. अर्ध्या तासाच्या व्यायामाची तुलना करणाऱ्या एका प्रयोगात कमाल क्षमतेच्या ६० आणि ८० टक्क्यांवर कॉर्टिसोल वाढले, ४० टक्क्यांवर मात्र ते वाढले नाही, उलट उतरले. निरोगी माणसात ती वाढ तात्पुरती असते आणि तिचे भय बाळगायचे कारण नाही. पण ज्याची झोप अपुरी आहे, स्नायू खचले आहेत आणि रक्तदाब वर आहे, त्याने जोर लावण्याची घाई करू नये. वेग ओळखायची सोपी खूण अशी, की चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये. प्रोप्रानोलोल किंवा मेटोप्रोलोल घेणाऱ्यांनी नाडी मोजून वेग ठरवू नये, कारण या गोळ्या नाडीला वर जाऊच देत नाहीत. त्यांना बोलण्याचीच खूण उपयोगी.

पहिले दोन आठवडे रोज दोनदा दहा मिनिटे सपाटीवर चालावे, शक्यतो जेवणानंतर. त्याने साखरही कमी चढते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरा-पंधरा मिनिटे, पुढे दोन्ही मिळून तीस-पस्तीस. आठवड्याला १५० मिनिटांवर दोन-तीन महिन्यांत पोचलो तरी चालते. अर्धा तास हलके चालून साधारण १०० ते १३० कॅलरी खर्च होतात आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० असतात. म्हणजे नुसत्या चालण्याने वजन पटापट उतरणार नाही. चालणे झोपेसाठी, साखरेसाठी, स्नायूंसाठी आणि उतरलेले वजन टिकवण्यासाठी आहे, हे सुरुवातीलाच मनाशी धरले तर तिसऱ्या आठवड्यात काट्याकडे पाहून कोणी सोडून देत नाही.

त्याच्या जोडीला एक दिवसाआड मांड्यांचे काम. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची घ्यावी. पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पावले कमरेच्या रुंदीइतकी दूर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतके कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून, श्वास सोडत उठावे. बसताना मनात तीन मोजत हळू बसावे. पाच ते आठ वेळा, मग दीड-दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा तेवढेच. जमत नसेल तर बैठक घट्ट गादीने दहा सेंटिमीटर उंच करावी. हात टेकून ओढत उठण्यापेक्षा ते चांगले. सलग दोन वेळा बारा-बारा जमले की गादी काढावी किंवा हातात एक किलो वजन घ्यावे. चुका ठरलेल्या आहेत. श्वास रोखला की रक्तदाब उसळतो. गुडघे आत वळले की दुखू लागतात. आणि धपकन बसणे सर्वांत वाईट, कारण स्टिरॉइडने पोकळ झालेला पाठीचा मणका तेवढ्या दणक्यानेही दबू शकतो. याच कारणाने अशा लोकांनी पायाचे अंगठे धरण्याइतके पुढे वाकणे, पाठ गोल करून उठाबशा आणि झटक्याने पिळणारी आसने टाळावीत. भिंतीवरचे जोर आणि ओट्याला धरून टाचा उचलणे मात्र खुशाल करावे.

व्यायामानंतरचा ठणका २४ तासांहून जास्त राहिला तर पुढच्या वेळी एकतृतीयांश कमी करावे. स्टिरॉइड घेतलेल्या माणसाला चालताना जांघेत दुखू लागले तर ‘स्नायू आखडला’ म्हणून रेटू नये. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायला लागल्याची ती खूण असू शकते, साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येतो आणि एमआरआय लागतो. स्टिरॉइडबरोबर सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लेव्होफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक चालू असेल आणि टाचेमागची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) दुखत असेल तर टाचा उचलणे त्याच क्षणी थांबवावे, ती तुटण्याचा धोका असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात १५ ग्रॅम साखर ठेवावी.

झोपण्याआधी दहा मिनिटे संथ श्वास: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पोटावर हात ठेवून. मिनिटाला सहा श्वास होतात. चक्कर आली तर श्वास फार खोल घेतला जात आहे असे समजावे. गती तीच ठेवून श्वास उथळ करावा.

वजन आठवड्याच्या सरासरीने पाहावे, सकाळी लघवीनंतर आणि खाण्याआधी. पाण्याने एक-दोन किलोंचा चढउतार रोजचाच. पोटाचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजावा. स्टिरॉइड उतरत असताना आधी चेहऱ्याची सूज जाते, पोट मागाहून; मांड्यांची ताकद यायला सर्वांत जास्त महिने लागतात.

आपल्या आरोग्यविषयक पानासाठी आणि औषधविक्रेत्यांसाठी आमची एक विनंती आहे. स्टिरॉइडच्या प्रत्येक पाकिटावर ‘यात स्टिरॉइड आहे, अचानक बंद करू नये’ असे ठळक मराठीत लिहून द्यावे. दीर्घकाळ घेणाऱ्याच्या खिशात औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेले कार्ड असावे. त्याला ताप आला तर मात्रा किती दिवस दुप्पट करायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. आणि गोळी उलटून पडत असेल तर वाट न पाहता रुग्णालयात हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन घ्यावे.

आपले,
एक हॉर्मोनतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट